कळकलेलं पाणी

थंडी आवडते असं म्हणणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. आमच्याकडे ती शनिवार-रविवारी गाड्या भरभरून येतात. धरणाच्या पाण्यावर सकाळी वाफ उठते, तिचे फोटो काढतात, टपरीवर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून 'काय मस्त गारठा आहे' म्हणतात आणि ऊन वर आलं की आपापल्या फ्लॅटकडे परत फिरतात. त्यांच्यातल्या एकाला तरी त्या जानेवारीत आमच्या घरी चार दिवस ठेवून घ्यायला हवं होतं. त्याच्यासमोर दोन फुटी काचेची टाकी ठेवली असती, तिच्यातले चार एंजल मासे दाखवले असते आणि म्हटलं असतं, आता ह्यांना ऊब द्या, लाईट नाही, बघू किती मस्त वाटतं.

टाकी माझी नव्हती, बायकोची होती. आमचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, त्यानंतर दोन महिन्यांनी तिने ती आणली. ती पौडला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करायची, त्यामुळे मोजमापाची सवय हाडात मुरलेली. पाणी किती, खाणं किती, गरमपणा किती, सगळं एका वहीत. मला वाटलं, चार दिवसांचं वेड आहे, जाईल. गेलं नाही. संध्याकाळी घरी आलं की चप्पल काढायच्या आधी ती टाकीजवळ जायची.

दुसऱ्या वेळी पाचवा महिना लागला होता. एके दिवशी सकाळी एक मासा मरून वर तरंगताना दिसला. तिने तो जाळीने काढला आणि परसात पुरला. दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं आणि रात्रीपर्यंत सगळं संपलं होतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर ती माझ्या आईला एवढंच म्हणाली, "मला सकाळीच कळलं होतं."

आई तिच्या डोक्याला तेल लावत होती. तिचा हात थांबला. "असलं काय बोलायचं न्हाई पोरी," ती म्हणाली. "आपल्यात चालत न्हाई ते."

आपल्यात म्हणजे आमच्या घरात. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून मुळा नदीत सोडले, ती गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की टोपलीसुद्धा डोळ्यांपुढे येते. तेव्हापासून आमच्याकडे मुहूर्त नाही, नवस नाही, दृष्ट काढणं नाही. माझं लग्न अमावस्येला लागलं, तेही मुद्दाम. मांजर आडवं गेलं तर आई थांबत नाही, उलट त्याला हाड करून दोन पावलं जास्त टाकते. मला ह्या सगळ्याचा अभिमान होता. आजही आहे. पण त्या दिवसानंतर बायको मासे मोजायला लागली आणि मी तिला का म्हणून विचारलं नाही.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सहाव्या महिन्यातच तिला झोपवून ठेवलं. जिन्याची पायरी चढायची नाही, बादली उचलायची नाही आणि मोठं हॉस्पिटल अर्ध्या तासाच्या आत हवं. आमच्या गावाहून पुण्याच्या चांदणी चौकापर्यंत जायचं तर दीड तास धरावा लागतो, वाटेत पिरंगुटचा घाट. तिचं माहेर लातूरकडे, ते तर आणखी लांब. तिची मोठी बहीण आणि मेव्हणे चौकाच्या अलीकडेच, भूगावला फ्लॅट घेऊन राहतात, दोघंही आयटीत. तिथे ती गेली. निघताना तिने कपड्यांची पिशवी आईकडून भरून घेतली आणि माशांबद्दल मात्र मला शेजारी बसवून अर्धा तास समजावलं. पाणी पंचवीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे तीन वेळा सांगितलं.

"मासेही भूगावला नेऊ का?" मी विचारलं होतं.

"नको. हलवू नका त्यांना," ती म्हणाली.

मग रोज संध्याकाळी सात वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. "दाखवा," म्हणायची. मी फोन काचेजवळ धरायचो. दोन चंदेरी पट्ट्यापट्ट्यांचे, एक पांढरा, एक काळा. तिचे ओठ हलताना दिसायचे. चार झाले की तिचा चेहरा सैल पडायचा आणि मग ती विचारायची, "जेवलात का?" बस, एवढंच. आमच्यात ह्यावर एक शब्द झाला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही मोजत होतो. उठल्यावर, कामाला निघताना, कामावरून आल्यावर. ज्या घरात अपशकुन मानत नाहीत, त्या घरात अपशकुनाची भीती वाटली तर ती सांगायची कुणाला? आईला सांगितलं असतं तर तिने मला आजोबांची टोपली परत ऐकवली असती.

सातवा महिना लागला आणि त्याच आठवड्यात गारठा पडला. आमच्याकडे धरणाचं पाणी जवळ असल्यामुळे थंडी पुण्यापेक्षा दोन घास जास्तच खाते. अंगणातल्या पिंपातलं पाणी सकाळी हाताला चावायचं. तरी सोमवारपर्यंत मी निर्धास्त होतो, कारण टाकीत काचेच्या नळीचा हिटर होता. पाणी गार झालं की त्याचा लाल दिवा लागायचा, पाणी तापलं की विझायचा.

सोमवारी दुपारी गावाला वीज देणारी डीपी जळाली. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. संध्याकाळी घरी पोचलो तर अख्ख्या आळीत अंधार आणि पारावर माणसं गोळा झालेली. नवी डीपी कधी, तर कुणी म्हणालं उद्या, कुणी म्हणालं आठवडा. वायरमनचा फोन बंद. माझी काळजी त्या गर्दीत कुणाला सांगण्यासारखी नव्हती. लोक पिकाच्या पाण्याची काळजी करत होते, मी चार माशांची.

टाकीवरच्या थर्मामीटरवर तेवीस होते. मी फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल काढून तीन बाजूंनी लावलं, वरून गोधडी टाकली. हवेचा पंपही बंद होता, म्हणून दर थोड्या वेळाने मगाने पाणी काढून उंचावरून परत सोडायचो. आईने पाणी उकळून दिलं, ते मी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून टाकीत तरंगत ठेवलं. सातला फोन आला तेव्हा चार्जिंगची बॅटरी टाकीमागे धरून मासे दाखवले.

"लाईट आहे ना?" तिने विचारलं.

"आहे की."

"हिटरचा दिवा दिसत नाही."

"पाणी तापलं की विझतो. तूच तर सांगितलं होतंस."

इतक्या सहज मी तिच्याशी आधी कधी खोटं बोललो नव्हतो. ती "हं" म्हणाली. चार मोजले. फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी पाणी अठरावर आलेलं होतं. मासे तळाशी, कोपऱ्यात, पर मिटून उभे. बाटल्यांनी काही भागत नव्हतं. ऊब पाण्यात उतरेपर्यंत बाटलीच गार व्हायची. कामाला दांडी मारावी तर स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडे. आई म्हणाली, "आरं, बाटल्यांचा खेळ कशाला? न्हाणीत बंब पेटतोयच की. त्यातलं वाईच कढत पाणी गार पाण्यात मिसळती आन हळूहळू घालती. गार काढायचं, कोमट घालायचं."

हे मला एकदम पटलं. मी उगाच पटलं म्हणत नाही. बायकोच्या वहीत लिहिलं होतं की नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते थेट घालायचं नाही. आमच्याकडे पाणी विहिरीचं. तेव्हा मी आईला मोठ्या ऐटीत समजावलं की आपल्या पाण्यात क्लोरीन नाही, त्यामुळे बिनधास्त घाल. वर असंही म्हणालो, "आणि तांब्यातलं पाणी म्हणजे तर औषधच." आईने दिवाळीतच बंब चिंचेने आतून-बाहेरून घासून लखलखीत केला होता. तो बघून मला उलट बरं वाटलं.

आई कामाला लागली की तिला थांबवणं कठीण. हाताचं कोपर बुडवून पाणी बघायची, जसं लहान मुलाच्या आंघोळीचं बघतात तसं. दिवसातून चार वेळा दोन-दोन तपेली. मंगळवारी संध्याकाळी मी आलो तेव्हा काटा चोवीसवर होता आणि मासे मधल्या पाण्यात फिरत होते. मी आईच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. बुधवारीही तेच. डीपी आली नव्हती तरी मला जरा हुशारी वाटायला लागली होती.

ह्या दोन दिवसांत बायकोचे फोन छोटे झाले होते. मंगळवारी ती म्हणाली, "गुरुवारी तुम्हाला सुट्टी, इकडे येणार होतात ना? येऊ नका. थंडी फार आहे, मासे सांभाळा." बुधवारी फोनच्या पडद्यावर नुसता तिचा चेहरा होता, अगदी जवळ, बाकी काही दिसत नव्हतं. चार मोजले आणि लगेच, "ठेवते, ताईने जेवायला वाढलंय." मला काय वाटलं? मला हायसं वाटलं. लाईटबद्दल विचारलं नाही म्हणून. इतका मी माझ्या थापेच्या मागे लागलो होतो.

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते. सकाळी उजाडताच गोधडी उचलली. टाकीत बारीक बारीक गोगलगाई होत्या, कधीतरी पानांबरोबर आलेल्या. रोज त्या काचेला चिकटलेल्या असायच्या. त्या दिवशी काचेवर एकही नव्हती. सगळ्या तळाच्या खड्यांवर पडलेल्या, उलट्या, काही शंखातून बाहेर लोंबत. मासे वर येऊन तोंड उघडत होते. काळा एका बाजूला कलला होता. पाणी मात्र बरोबर पंचवीस.

ऊब आहे, मग हे काय?

पिरंगुटच्या माशांच्या दुकानदाराचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर होता. दहा वाजेपर्यंत त्याने फोन उचलला नाही, तोवर मी त्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या त्याची गणती नाही. उचलल्यावर त्याने माशांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकीत गोगलगाई आहेत का?"

"आहेत. म्हणजे होत्या. सगळ्या मेल्या."

"पाणी कशात तापवलं?"

"बंबात."

"तांब्याच्या?"

"हो."

"मग तांबं उतरलंय पाण्यात, साहेब. तुमच्याकडचं पाणी हलकं, त्यात क्षार नाहीत, त्यात तांबं पटकन उतरतं. माणसाला काही होत नाही. गोगलगाई पहिल्या मरतात, मग मासे. आता एक करा, निम्मं पाणी काढा. स्टीलच्या पातेल्यात तापवलेलं घाला. दुपारी परत निम्मं."

फोन स्पीकरवर होता. आई न्हाणीच्या दारात उभी होती, हातात तपेली, पुढच्या खेपेची. तिने ती सावकाश खाली ठेवली.

"म्हंजी पाणी कळकलं," ती म्हणाली.

तो शब्द ऐकला आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. कळकणं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आई तांब्या-पितळेच्या भांड्यात कधी ताक ठेवत नाही, चिंचेचा कोळ ठेवत नाही. कुणी चुकून ठेवला तर ओतून देते आणि दिवसभर बडबड करते. तांब्याचं काय उतरतं, कसं उतरतं हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं. पण ताक कळकतं, पाणी कसं कळकेल? पाणी तर मुद्दाम तांब्याच्या कळशीत ठेवतात. माझ्यासारख्या दीडशहाण्याने त्यावर औषधाचा शिक्का मारला होता.

मग आम्ही दोघं पाण्यामागे धावलो. चुलीवर स्टीलचं पातेलं, विहिरीवरून घागरी, टाकीतून नळीने पाणी काढायचं, बादली परसात ओतायची. बाराच्या सुमारास पांढरा आणि पट्ट्याचे दोन जरा खाली उतरले. काळा नाही. तो आडवा होऊन गवताला टेकला होता, कल्ले मधूनच हलायचे. मी त्याच्यावरून नजर काढत नव्हतो. साडेतीनला ते हलणं थांबलं.

मी पुन्हा दुकानदाराला फोन लावला. "तुमच्याकडे असाच काळा एंजल आहे का? एवढ्याच मापाचा?"

"आहे. पण देणार नाही. त्या पाण्यात आता टाकलात तर तोही मरेल. आठ दिवस थांबा."

आठ दिवस! माझ्याकडे साडेतीन तास होते.

आई ओल्या फरशीवर बसली. पदर ओला, हात राखेने भरलेले. मेलेला मासा तिने जाळीने काढून ताटलीत ठेवला होता. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "माज्या हातनं झालं हे. आरं... तिला न्हाई ना काय व्हायचं?"

मला काय झालं कोण जाणे. चार दिवसांची भीती माझ्या तोंडातून रागाने बाहेर पडली. "आता का? आपल्यात चालत नाही ना ते? तिला सांगितलं होतंस ना, असलं बोलायचं नाही म्हणून? तेव्हा तिला मोकळं बोलू दिलं असतंस तर ती एकटीच मासे मोजत बसली नसती!"

आईने तोंड फिरवलं. माझ्या आईला मी उभ्या जन्मात असं बोललो नव्हतो, आणि बोललो तेही अर्धंच खरं. मोकळं बोलायला मला कुणी अडवलं होतं? बायको रोज संध्याकाळी माझ्यासमोर मोजत होती. मीच फोन धरून उभा होतो.

सात वाजायची वाट बघताना मी ठरवलं की कॅमेरा लावायचा नाही, रेंज नाही म्हणायचं. सातला फोन वाजला. साधाच कॉल होता, चित्राशिवाय.

"आज रेंज नाही हो नीट," तीच म्हणाली. "नुसतंच बोलू."

मी सुटलो. "हो, हो, चालेल," म्हणालो. "इकडेही तसंच आहे."

तेवढ्यात तिच्या मागून एक बाईचा आवाज आला, मोठा, सवयीचा. "कुशीवर व्हा जरा मॅडम, पट्टा सरकलाय."

"कोण आहे तिथे?" मी विचारलं.

तिने फोनवर हात ठेवल्याचं कळलं.

"तू कुठे आहेस?"

"हॉस्पिटलमध्ये," ती म्हणाली. "कालपासून. घाबरू नका. बाळाची हालचाल कमी झाली होती मंगळवारपासून. म्हणून लक्ष ठेवायला घेतलंय."

"कालपासून? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळं टाकून आला असतात," ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "मग माशांना कोणी बघितलं असतं?"

मी काय बोललो ते आठवत नाही. येतो म्हणालो असेन. फोन ठेवल्यावर कळलं की चार दिवसांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला कसं वाटतंय. पाण्याचा गरमपणा मला दर तासाचा माहीत होता. आणि ती पोटातल्या जिवासाठी पोटातल्याच जिवाबद्दल माझ्याशी लपवालपवी करत होती, का, तर मी टाकीपासून हलू नये. असे आम्ही अपशकुन न मानणारे.

मी गाडीची किल्ली घेतली तर आई दारात शाल गुंडाळून तयार. मघाच्या बोलण्याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. "मी येती," म्हणाली. तीन माशांवर गोधडी टाकली आणि दार ओढून घेतलं. त्यांचं काय व्हायचं ते होवो, असं त्या आठवड्यात मला पहिल्यांदा वाटलं.

मोटारसायकलवर वारा अंगातून आरपार जात होता. हात हँडलवर बधिर झाले होते. पौड मागे पडलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: विचारलं तर काय सांगायचं? चार आहेत म्हणायचं? आता ह्या वेळी तिला खरं सांगून तिचा धीर खचला तर? पिरंगुटच्या घाटात मी मान वळवून आईला ओरडून म्हणालो, "तिला सांगायचं नाही हं. चार आहेत म्हणायचं."

आईने माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. "न्हाई," ती कानाशी येऊन म्हणाली. "खोटं बोललो म्हंजी आपून मानतो. मग तिनंबी मानावं, आसंच झालं की."

उतार होता, मी गाडी दुसऱ्यात टाकली.

हॉस्पिटलात तिची बहीण जिन्याजवळच भेटली. आधी माझ्यावर डाफरली, मग म्हणाली, "मला शपथ घातली होती हो तिने, मी तरी काय करू?" खोलीत बायको डाव्या कुशीवर होती. पोटावर दोन पट्टे बांधलेले, त्यांच्या वायरी एका यंत्रात गेलेल्या, यंत्रातून कागदाची पट्टी हळूहळू बाहेर येत होती. आणि आवाज येत होता. ठोके, खूप जलद, घाईत पळणाऱ्या कुणाच्या पावलांचे असावेत तसे. डॉक्टर नुकत्याच येऊन गेल्या होत्या. सध्या ठीक आहे, आजची रात्र बघू, असं म्हणाल्या होत्या.

मी तिचा हात धरला. माझा हात बर्फासारखा गार होता म्हणून ती दचकली. "तुला कसं वाटतंय?" मी विचारलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तेच विचारलं जे ती विचारणार होती. "चार आहेत ना?"

आई पुढे झाली. तिने शाल काढून पलंगाच्या पायथ्याशी ठेवली आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तीन हायेत. काळा मेला. माज्या हातनं मेला पोरी. सोमवारपास्नं लाईट न्हाई, ह्यानं तुला खोटं सांगितलं. मी बंबाचं पाणी घातलं, ते कळकलं."

मी यंत्राकडे बघत होतो. मला खरोखर वाटलं की आता तो आवाज थांबेल. शिकलेला, स्टोअरचा हिशेब चोख ठेवणारा, अमावस्येला लग्न केलेला माणूस मी, आणि श्वास रोखून उभा होतो.

"तांबं," बायको स्वतःशीच म्हणाली. लॅबमध्ये बोलायची तशा आवाजात. मग विचारलं, "किती वाजता मेला?"

"साडेतीनला," मी म्हणालो.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग डोळे मिटले. आठ पस्तीस झाले होते. आवाज चालूच होता, तसाच घाईघाईचा. ती ऐकत होती. आई ऐकत होती. दारात उभी असलेली तिची बहीण ऐकत होती. मी बायकोच्या ओठांकडे बघितलं, ते हलत होते. ती तास मोजत होती.

"पाच तास झाले," ती म्हणाली.

"व्हय," आई म्हणाली.

बायकोने माझा गार हात उचलून पट्ट्याच्या खाली, पोटावर ठेवला आणि तसाच दाबून धरला.

"त्याला काही कळलेलं दिसत नाही," ती म्हणाली.

आई आधी हसली की आधी रडली ते मला सांगता येणार नाही, मी खाली बघत होतो.